बाकाच्या टोकाची रिकामी जागा

मी एक जुनी खुंटी आहे. मैदानाच्या पार टोकाला धावसंख्येचा मोठा काळा फळा उभा आहे ना, त्याच्या उजव्या अंगाला, खालून तिसरी. माझ्यावर आकड्यांच्या पाट्या टांगतात. बहुतेक वेळा शून्याचीच. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, खुंटीचे कसले आले आत्मवृत्त! लोक स्वतःची अक्कल खुंटीला टांगून खुशाल हिंडतात, पण खुंटीची विचारपूस कुणी करत नाही. पण मी काही खुंटी म्हणून जन्मले नाही. मी बॅट होते, बेसबॉलची. माझ्या अंगात एक शब्द राहत होता, आणि त्या शब्दाने मला आठ वर्षे स्वस्थ बसू दिले नाही. त्याची ही हकीकत आहे.

एक लाकडी सामानाचा कारखाना होता. तिथे खुर्च्या, मेजे, जिन्याचे कठडे बनत. लेथवर गोल घडीव काम करणाऱ्याला कातारी म्हणतात. या कारखान्याचा कातारी पन्नाशीचा, ठेंगणा, हाताने कामसू आणि तोंडाने मोजका होता. कारखान्याचा बेसबॉलचा संघ होता आणि त्याला शिकवायचे काम याच कातार्‍याकडे होते. एके दिवशी मेजाच्या पायांसाठी आलेल्या ढिगातून त्याने एक सोट उचलला. बोटाच्या पेराने तो ठोकला, कानाशी धरला आणि म्हणाला, "हा काही मेजाखाली उभा राहणार नाही. याला पळायचंय." तो सोट म्हणजे मी.

त्याची लेक शेजारच्या लेथवर काम शिकत होती. विशीतली, उंच, बोलायला फटकळ. संघात तीही होती. मला लेथवर चढवल्यावर त्याने पटाशी तिच्या हातात दिली. तिने ती जीव खाऊन आवळली. पटाशी माझ्या मुठीपाशी रुतली आणि एक कपचा उडाला. ती खूण शेवटपर्यंत माझ्या अंगावर राहिली. कातारी रागावला नाही. त्याने स्वतःच्या दोन्ही मुठी आधी आवळून दाखवल्या, मग हळूच उघडल्या, तळहात वर करून.

"सोड," तो म्हणाला. "आवळलंस की रुतणार. मूठ सैल सोड, मग ते आपोआप धावेल."

कारखान्यात यंत्रांचा एवढा गोंगाट असे की तो शब्द तिला ऐकू आला नसणार. तिथे सगळेच हातांनी बोलत. डबा खायला चल, पट्टा सुटला, साहेब येतोय, सगळ्याला खुणा होत्या. मुठी उघडण्याची खूण मात्र फक्त कातार्‍याची होती. तिने मूठ सैल केली, पटाशी सरसर धावू लागली आणि माझ्या अंगावरून लांब लांब ढलप्या निघाल्या. मग त्याने मला जवसाचे तेल पाजले. एकदा, वाळल्यावर पुन्हा, आणि तिसऱ्यांदा. "लाकूड काय आणि माणूस काय," तो म्हणायचा, "फार दिवस कोरडं ठेवलं की तडकतं." संघात मी सगळ्यात आधी आले म्हणून मला सगळे थोरली म्हणू लागले.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. मैदानाला चार कोपरे असतात. चेंडू मारायचा, एकेक कोपरा गाठत पळायचे आणि निघालेल्या जागी, म्हणजे घरी, परत यायचे, की एक धाव. तीन जण बाद झाले की डाव संपला. आता समजा, दोन जण बाद झाले आहेत. तुमचे दोन गडी पुढच्या कोपऱ्यांवर ताटकळत उभे आहेत. तुम्ही मारले तर ते घरी येणार, नाही मारले तर तिथेच राहणार. या क्षणाला आमच्या संघात ऐनवेळ म्हणत. हा शब्द उच्चारतानाही ते आवाज खाली आणत.

त्या काळात आमचा संघ ऐनवेळेचा राजा होता. सामन्याच्या सुरुवातीला हे लोक अगदी सुमार खेळत. पण ऐनवेळ आली की बाकावरचे सगळे उठून समोरच्या कठड्याला जाऊन उभे राहत. कातारी तेवढा बसलेला असे, बाकाच्या डाव्या टोकाला, गुडघ्यांवर हात ठेवून. मैदानावर यंत्रे नव्हती, त्यामुळे त्याचा शब्द सगळ्यांना ऐकू जाई. तो मोठ्याने ओरडत नसे. फक्त म्हणे, "सोड." तेवढ्यावर मला धरलेली मूठ सैल व्हायची. खांदे उतरायचे. मग मी अशी काही फिरायचे की चेंडू कुठे गेला हे मलाही उशिरा कळायचे. मित्रांनो, ते दिवस आठवले की अजून माझे धागे ताठ होतात. लोक मला हात लावून बघायचे. प्रतिस्पर्धी संघातल्या एकाने मला उचलून विचारले होते, "हिच्यात काय भरलंय?" लेक फटकन म्हणाली होती, "तेल. तुम्हीही पाजा की तुमच्या बॅटीला."

आणि मग तो दिवस आला.

शेवटचा डाव होता. एका धावेने आम्ही मागे होतो. दोन बाद, दोन गडी कोपऱ्यांवर, आणि मी लेकीच्या हातात. मारायला येणाऱ्यांत चौथा क्रमांक तिचा होता, सगळ्यात भरवशाच्या हाताचा. बाकावरचे सगळे नेहमीप्रमाणे कठड्याला गेले. त्यांच्या पाठी बाकाकडे होत्या. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, हात वर घेतला आणि मागून तो आवाज आला.

"सोड."

तो आवाज वेगळा होता. अर्धाच आला. खोल विहिरीतून यावा तसा. लेकीच्या बोटांना ते कळले, कारण क्षणभर ती बोटे इतकी सैल पडली की मला वाटले, ही मला टाकतेच आहे. मी मनात म्हटले, नको, आत्ता टाकू नकोस, मला हा चेंडू हवा आहे. खरे सांगते, मी तेव्हा तेवढाच विचार केला. चेंडू आला, तिने मला फिरवले आणि तो थेट या काळ्या फळ्याच्या डोक्यावरून पलीकडे गेला. दोघे गडी घरी आले. पाठोपाठ तीही आली. सगळ्यांनी तिला उचलून घेतले. टोप्या उडाल्या. मी धुळीत पडले होते आणि मला ते सगळे पाय दिसत होते. त्या पायांच्या पलीकडे बाकाच्या टोकाला कातारी बसला होता. त्याची मान छातीवर आली होती. त्याच्याकडे सगळ्यात आधी तिचेच लक्ष गेले.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडले, मिनिटभरात आटोपले असणार. कुणाला काही करता आले नसते. पण असे सांगून कुणाचे समाधान झाले आहे?

संघाने कातार्‍याचा मान राखायचे ठरवले. बाकाच्या टोकाची त्याची जागा कुणी घ्यायची नाही. तिथे त्याची टोपी ठेवायची. सामना असो वा सराव, आधी टोपी ठेवायची आणि मग बाकीच्यांनी दाटीवाटीने बसायचे. ठरवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. त्या मोकळ्या हातभर जागेने पुढे काय केले, ते मात्र त्यांना दिसले नाही.

पुढच्या सामन्यापासून ते सुरू झाले. आता हे लोक सुरुवातीला झकास खेळत. कोपऱ्यांवर कुणी नसले की सणसणीत मारत. पण ऐनवेळ आली की बसलेच. एकदा झाले, दोनदा झाले, वर्ष गेले. आमचे गडी कोपऱ्यांवर ताटकळायचे आणि मान खाली घालून परत यायचे. दुसरे संघ आम्हाला आरंभशूर म्हणू लागले. एकाने तर गाठून विचारले, "तुमच्यातल्या कुणाचं लग्न ठरलं, तर मांडवापर्यंत येतो ना रे तो? की दारातूनच परत?" सगळे हसले आणि कोणालाच हसू आले नाही.

मग कारखान्याचा नकाशेवाला शिक्षक म्हणून आला. खुर्च्या-मेजांचे आराखडे काढणारा तो माणूस, कानामागे कायम पेन्सिल. त्याने प्रत्येकाने सोडलेल्या आणि मारलेल्या चेंडूचे चित्र काढले. चित्रे पाहून तो म्हणाला, "तुम्ही ऐनवेळी नको त्या चेंडूंच्या मागे लागता. लांबचा चेंडू बघा आणि सोडा." पुढच्या ऐनवेळी एक रंगारी खेळत होता. चेंडू हातभर लांबून आला. नकाशेवाला बाकावरून ओरडला, "सोड!" रंगाऱ्याला कातार्‍याने शिकवलेले. त्याने मुठी सैल करून सारा जीव एकवटला आणि मला हवेत गरकन फिरवले. चेंडू पार पलीकडून निघून गेला.

"अरे, सोड म्हटलं ना मी!" नकाशेवाला डोक्याला हात लावून म्हणाला.

"सोडलं की साहेब! याहून किती सोडू?"

तेव्हा त्याच्या लक्षात आले की एकाच शब्दाचे इथे दोन उलटे अर्थ नांदत आहेत. मारा म्हणजेही सोड, आणि मारू नका म्हणजेही सोड. त्याने त्या शब्दावर बंदीच घातली. आता 'जाऊ दे' म्हणायचे. पण बंदी घातलेला शब्द जास्तच ऐकू येतो. ऐनवेळ आली की बाकावर सगळे गप्प होत. त्या शांततेत जो खेळत असे, त्याच्या मानेची एक शीर मला हलताना जाणवे. नजर चेंडूवरून निघायची, बाकाच्या टोकाकडे जायची, टोपीपाशी थांबायची आणि परत यायची. डोळ्याचे पाते लवावे एवढाच वेळ. पण मित्रांनो, चेंडू तेवढ्या वेळात येऊन गेलेला असतो. संघ ऐनवेळी का मारू शकत नव्हता, याचे कारण एवढेच होते. नकाशेवाल्याच्या एकाही चित्रात मान नव्हती.

लेकीचे सगळ्यात वाईट झाले. इतरांची मान हलायची. ही मला धरायची तीच अशी, की जणू मी तापलेली तवी आहे.

शेवटी खापर माझ्यावर फुटले. "ती थोरली अपशकुनी आहे," कुणीतरी म्हणाले. "कातारीकाकांनंतर तिनं एकदाही काम केलेलं नाही." मोडायला कुणाचा हात धजला नाही. म्हणून मला या फळ्यामागच्या खोपटात टाकायचे ठरले, आणि टाकायला लेकच आली.

त्या खोपटाचा धनी होता फळेवाला. पूर्वी तो कारखान्यात मोठ्या करवतीवर होता. करवतीने त्याचे दोन्ही कान खाल्ले, ठार बहिरा झाला, तेव्हा त्याला फळ्यावर पाट्या टांगायचे काम दिले. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्याने तो नेहमी ओरडूनच बोले. त्यामुळे लोक त्याच्याशी फारसे बोलत नसत.

लेकीने मला कोपऱ्यात उभे केले. ती निघाली नाही. पाट्यांच्या ढिगावर बसली आणि त्याच्याकडे पाहत बोलू लागली. त्याला ऐकू येत नाही, म्हणूनच बोलली.

"काका, बाबा त्या दिवशी मला मारायला सांगत नव्हते हो. 'सोड' म्हणाले ते, बॅट सोड आणि इकडे ये, असं म्हणत होते. मला हाक मारत होते. आवाजच तसा होता. मला कळलं होतं. माझी बोटं सैल पडली होती. आणि तरी मी मारत बसले. पळत बसले. ते तिकडे एकटे जात होते आणि मी लोकांच्या खांद्यावर."

फळेवाला मान डोलावून मोठ्याने म्हणाला, "हो हो! ठेव, ठेव तिथंच! मी बघतो हिच्याकडे!"

ती डोळे पुसून निघून गेली. मी कोपऱ्यात उभी होते आणि मला दरदरून घाम फुटावा असे झाले. कारण त्या क्षणी मीही होते. आत्ता टाकू नकोस, असे म्हणणारी मीच होते.

खोपटात माझी सात वर्षे गेली. फळ्याच्या दोन लाकडी पट्ट्यांमध्ये एक फट होती. तिच्यातून मला मैदान दिसे, आणि पार समोर, मैदानापलीकडे, ते बाक. दर ऐनवेळी मी तिथे एकेकाची मान वळताना पाहत होते. मी संघात नव्हते, तरी ते मारू शकत नव्हते. म्हणजे खोट माझ्यात नव्हती हे सिद्ध झाले, पण सांगायला कुणी आले नाही. वारा सुटला की शून्याची पाटी खुंटीवर आपटे. टक, टक. दुपारी मैदान रिकामे असले की मला त्या आवाजात तो अर्धा शब्द ऐकू येई. मी लाकूड आहे, मला कान नाहीत, तरी येई.

फळेवाला एक विचित्र गोष्ट करी. खुंटीवर पाटी टांगली की तो वळे आणि समोरच्या त्या रिकाम्या टोकाकडे पाहून हात हलवी. प्रत्येक पाटीला. लोक म्हणत, म्हाताऱ्याचे चळले आहे. मीही आधी घाबरले होते. तिथे त्याला कुणी दिसते की काय?

मला तो दर महिन्याला तेल पाजी, हे मात्र सांगायलाच हवे. फडक्याने पुसता पुसता माझ्या मुठीजवळची कपच्याची ती जुनी खाच त्याच्या बोटाला लागे. तेव्हा तो हसे. मला मांडीवर ठेवी, स्वतःच्या दोन्ही मुठी आवळी आणि हळूच उघडी, तळहात वर करून. एकदा असेच करून तो फटीतून समोरच्या बाकाकडे बोट दाखवत मलाच म्हणाला, "त्या दिवशी पण केलं हो त्यानं! शेवटपर्यंत शिकवत होता लेकीला!"

मित्रांनो, मी लाकूड नसते तर तेव्हाच उठून धावत सुटले असते. बाकावरच्यांनी फक्त शब्द ऐकला होता. त्यांच्या पाठी होत्या. लेकीचीही नजर पिचरकडे होती. आणि ज्याला शब्द ऐकू येत नाही, असा एकच माणूस त्या वेळी कातार्‍याच्या बरोबर समोर उभा होता. त्याने हात पाहिले होते. सगळ्यांनी पाहिले असणार असे तो धरून चालला होता. लेक जे विचारत होती, त्याचे उत्तर तिने ज्याच्यापुढे रडून सांगितले, नेमके त्याच्याच डोळ्यांत होते. काखेत कळसा म्हणतात तो हा. मला सगळे समजले होते आणि मी कोपऱ्यात उभी होते. त्यानंतर सहा वर्षे मी तशीच उभी होते. तुम्हाला कधी एखादी गोष्ट सांगायची असून सांगता आली नसेल, तर ती सहा वर्षे कशी गेली ते तुम्हाला कळेल.

मग एका दुपारच्या सामन्यात लेकीची बॅट तडकली. तिच्या हाताला बसेल अशी दुसरी नव्हती. नकाशेवाला म्हणाला, "ती थोरली आहे ना अजून?"

"साहेब, ती नको!" रंगारी म्हणाला.

"अरे, लाकूड आहे ते. भूत नव्हे."

डावांच्या मधल्या वेळात लेक मैदान ओलांडून खोपटापाशी आली. आता ती कारखान्याची कातारी होती, तिशीच्या आतबाहेर, केसांत एकदोन रुपेरी तारा. तिने माझ्याकडे बोट दाखवले. फळेवाल्याचा चेहरा उजळला. त्याने मला उचलले, एकदा फडके फिरवले, तिच्या हाती दिले. तिने पहिल्या दिवशी पटाशी पकडली होती तशीच मला पकडली, आवळून. ते पाहून त्याने मान हलवली आणि स्वतःच्या दोन्ही मुठी तिच्यासमोर हळूच उघडल्या.

ती जागच्या जागी थिजली.

"हे कुठं शिकलात?" ती म्हणाली. मग भानावर येऊन तिने हातांनीच विचारले. मुठी उघडून दाखवल्या आणि भुवया उंचावल्या.

"तुझ्या बापाचं ते!" तो ओरडला. "मी करवतीवरून रोज बघायचो. त्या दिवशी पण केलं की! छातीवर हात होता त्याचा. तो काढला, दोन्ही मुठी अशा उघडल्या. तुझ्याकडे बघून. मग तू मारलास!"

तिने हाताने चेंडूची वाट काढून दाखवली, बाकापासून फळ्यापर्यंत, आणि पुन्हा भुवया उंचावल्या.

"बघितला ना! चेंडू जसा आला तशी त्याची मान वळत आली. पार इथवर, माझ्या फळ्यापर्यंत. मला वाटलं, माझ्याकडेच बघतोय, म्हणून मी हात हलवला." पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "त्यानं उलट हलवला नाही. मला रागच आला. मनात म्हटलं, लेक जिंकली तर लगेच शिष्ट झाला. नंतर कळलं, तेव्हा... म्हणून मी अजून हलवतो. माझ्याकडून राहायला नको."

लेक मला छातीशी धरून खाली बसली आणि मोठ्याने रडली. तो भांबावून तिच्या डोक्यावर थोपटत राहिला. "अगं पोरी, तुला ठाऊक नव्हतं होय? मला वाटलं, सगळ्यांनाच ठाऊक आहे! मला कोण काय विचारतंय!"

तिकडून हाका येऊ लागल्या. ती उठली.

शेवटचा डाव. एका धावेने मागे. दोन बाद, दोन गडी कोपऱ्यांवर. मी लेकीच्या हातात. आठ वर्षांपूर्वीचे सगळे जसेच्या तसे परत येऊन उभे राहिले होते. बाकावरचे कठड्याला आले. मला वाटले, आता तिचीही मान वळणार. तशी ती वळलीच. पण चोरून नाही. ती पिचरला पूर्ण पाठमोरी झाली आणि सरळ त्या टोपीकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाली, "अरे, कुणीतरी बसा की तिथं! आठ वर्षं काय जागा अडवून ठेवलीय!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी नकाशेवाला चाचरत गेला, टोपी उचलून मांडीवर घेतली आणि अंग चोरून बसला.

"नीट बसा, साहेब," ती म्हणाली. मग तिने मला काखेत धरले, दोन्ही मुठी आवळल्या आणि हळूच उघडल्या.

चेंडू आला. मित्रांनो, ती मान तिळभरही हलली नाही. मी इतकी मोकळी कधीच फिरले नव्हते. चेंडू माझ्या अगदी पोटात बसला आणि कडकन आवाज झाला. तो माझाच होता. मी मुठीपाशी, त्या जुन्या कपच्याच्या जागी, दुभंगले. चेंडू उंच गेला, या फळ्याकडे आला, आणि फळ्याच्या पुढे दोन हातांवर त्यांच्या गड्याने उडी मारून झेलला.

आम्ही हरलो.

फळेवाल्याने शून्याची पाटी टांगली. लेक माझी तुटकी मूठ हातात घेऊन बाकाकडे गेली. नकाशेवाला उठला. ती त्याच्या जागी, म्हणजे तिच्या बापाच्या जागी, बसली, पाय लांब करून. टोपी डोक्यावर घातली. ती हसत होती. फळेवाला सवयीप्रमाणे वळला आणि त्या टोकाकडे बघून त्याने हात हलवला.

आणि तिकडून कुणीतरी उलट हात हलवला.

म्हातारा तिथेच उभा राहिला. त्याचा हात वरच्या वर राहिला होता. खाली घ्यायचे त्याला कितीतरी वेळ सुचले नाही.

पुढच्या आठवड्यात लेकीने माझा उरलेला जाड भाग लेथवर चढवला आणि ही खुंटी घडवली. तेलही पाजले. तीन वेळा. आता मी फळेवाल्याच्या हाताशी असते. आमचा संघ ऐनवेळी मारू लागला आहे. नेहमीच नाही, कधी कधी. पण बाद झाला तरी आता कुणी मान खाली घालून परत येत नाही. बाकाच्या टोकाला जो आधी येईल तो बसतो, आणि फळ्यावर पाटी चढली की त्याने उलट हात हलवायचा, असा संघाचा नियम आहे. वारा सुटला की माझ्यावरची पाटी अजून टकटक करते. आता ती पाटीच वाटते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातल्या लाकडाला अधूनमधून तेल पाजा, ते कोरडे ठेवू नका. आणि गेलेल्या माणसाची जागा रिकामी ठेवून तिच्याकडे चोरून बघत राहू नका. तिथे जाऊन बसा. मनात एखादा प्रश्न रुतून बसला असेल, तर ज्याला कुणी काहीच विचारत नाही, अशा माणसाला एकदा विचारून बघा. त्याला ऐकू येत नसेल तर हातांनी विचारा. मला हात नव्हते, म्हणून मला सहा वर्षे लागली. तुम्हाला दोन आहेत. मुठी तेवढ्या उघडा.